टॅगांची यादी आणि उजवीकडून लिहिली जाणारी उर्दू

वेब पान बनवायला शिकणारे मूल पहिल्याच दिवशी 'पी' आणि 'एच वन' हे टॅग शिकते. हे टॅग आले कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

पूर्वी छापखान्यात संपादक हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी खुणा करीत असे. हा मथळा, हा नवा परिच्छेद. त्यालाच इंग्रजीत मार्कअप म्हणत. १९६९ च्या सुमारास आयबीएममधील गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी हीच रीत संगणकावर आणली आणि तिला जीएमएल नाव दिले. ती त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरे! पुढे तिची एसजीएमएल झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जे अठराएक टॅग मांडले, त्यांतले मथळा, परिच्छेद, यादी हे तिथे आधीपासून वापरात असलेल्या एसजीएमएलच्या खुणांमधून घेतलेले होते. खरा नवा टॅग एकच, 'ए'. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा. सारे वेब त्या एका अक्षरावर उभे आहे. चित्राचा 'आयएमजी' टॅग १९९३ मध्ये आला.

उर्दूवाल्यांना हाच 'आयएमजी' सर्वांत जास्त उपयोगी पडला, आणि माझ्या मते त्यानेच नुकसानही केले. १९९५ च्या एचटीएमएल २.० चा अक्षरसंच पश्चिम युरोपच्या भाषांपुरता होता. त्यात ना उर्दू, ना मराठी. मग उर्दू वर्तमानपत्रे इनपेजमध्ये मजकूर जुळवत आणि त्याचे चित्र करून पानावर चिकटवत. नस्तालीक सुंदर दिसे. पण चित्रातला शब्द ना शोधता येई, ना उतरवून घेता येई. डोळ्यांना दिसणारी भाषा संगणकासाठी मुकीच होती.

जानेवारी १९९७ मध्ये आरएफसी २०७० या दस्तऐवजाने एचटीएमएलला युनिकोडचा पाया दिला. सोबत 'लँग' आणि 'डीआयआर' हे दोन गुणधर्म आले. त्याच वर्षी डिसेंबरात ते एचटीएमएल ४.० मध्येही घेतले गेले. 'डीआयआर'ला 'आरटीएल' म्हणजे उजवीकडून डावीकडे ही किंमत द्यायची.

तुम्ही म्हणाल, युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराची दिशा ठरलेलीच असते, मग वेगळे सांगायचे कशाला? उर्दू वाक्याच्या मध्ये एक मराठी शब्द घालून पाहा. पानाची दिशा सांगितली नसेल तर वाक्याचा पहिला भाग डावीकडे पडतो, मग मराठी शब्द, आणि उरलेला भाग उजवीकडे. उजवीकडून वाचणारा शेवटापासून सुरुवात करतो! शेवटचे इंग्रजी धाटणीचे उद्गारचिन्ह तर वाक्याच्या तोंडाशी येऊन बसते. दोन्ही भाषांत लिहिणाऱ्यांना हा घोळ नवा नाही.

म्हणून उर्दू पानाच्या पहिल्या 'एचटीएमएल' टॅगातच 'लँग'ला 'यूआर' आणि 'डीआयआर'ला 'आरटीएल' लिहावे. मधल्या मराठी उताऱ्याच्या 'पी' टॅगात 'एमआर' आणि 'एलटीआर'.