सिलियसचा खर्ज

केलगेरीपासून जवळच असलेल्या मन्सूर गावी १९१० साली मल्लिकार्जुन मन्सूर जन्मले. गाणे कानाने पारखावे, ही धारवाडची रीत. त्याच कानाने आज एक विस्मृत व्हिडिओ खेळ ऐकू या.

१९९० नंतरच्या दशकात 'फॅमिकॉम' या जपानी खेळयंत्राच्या नकला आपल्याकडील अनेक घरांत दूरदर्शन-संचाला जोडल्या गेल्या. मुलांच्या तोंडी नाव होते 'कॉन्ट्रा'चे. धावत गोळ्या झाडण्याच्या त्याच जातीचा, सनसॉफ्ट कंपनीचा १९९० सालचा 'जर्नी टू सिलियस' मात्र मागे राहिला.

मूळ बेत १९८४ च्या 'द टर्मिनेटर' चित्रपटावर खेळ रचण्याचा होता. ते हक्क हातचे गेले. तेव्हा झालेले काम टाकून न देता मंडळींनी नवे कथानक बेतले: पित्याच्या मृत्यूचा सूड घेणारा, अंतराळातील वसाहतीचा तरुण. चित्रपटाचे वलय मात्र गेले ते गेलेच.

तथापि संगीत ऐकावे. यंत्राला आवाज पाचच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा, आणि एक नोंदलेले नाद वाजविणारा. खर्जासाठी इतर रचनाकार बहुधा त्रिकोणी लहर योजीत. संगीतकार नाओकी कोडाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या आवाजात खर्जाचे नोंदलेले नाद भरले. खर्ज भरदार झाला. त्रिकोणी लहर तालासाठी मोकळी झाली.

आज हा खेळ ज्यांना आठवतो, त्यांना तो प्रायः या संगीतामुळेच आठवतो. उसने नाव गेले. स्वतःची मेहनत तेवढी उरली.