पळत्या लक्ष्यांचा वेध

इतिहास म्हटला की गड, तोफा आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. भेंडीलाही इतिहास आहे असे मी वर्गात सांगितले, की मुले हसतात. पण वाचकहो, आमच्या परभणीच्या भेंडीची कथा एखाद्या मोहिमेहून कमी नाही.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा रोग मुंबई इलाख्यात १९२४ साली नोंदला गेला. पांढरी माशी त्याचा विषाणू झाडोझाड पोहोचवते. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी रोगाला दाद न देणारा ‘पुसा सावनी’ वाण काढला. पुढे तोही पिवळा पडू लागला. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी त्याचा संकर भेंडीच्या एका निराळ्या जातभाईशी केला. संततीचा भेंडीशी पुन्हापुन्हा संकर करून दर पिढीतली निरोगी झाडे निवडली. १९८५ साली ‘परभणी क्रांती’ शेतात आली.

संकर, निवड, नवी पिढी! अमेरिकेतील जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात हीच रीत गणकयंत्रासाठी मांडली. तिथे रोपांऐवजी उत्तरांची पैदास होते. यालाच उत्क्रांतीचे अल्गोरिदम म्हणतात.

समजा, रडारवर दहा विमानांचे ठिपके हलताहेत. कोणता ठिपका कोणाचा, हे पडदा सांगत नाही. यंत्र शेकडो अंदाज बांधते. पुढच्या फेरीत ठिपक्यांशी जुळणारे अंदाज टिकतात, त्यांचा संकर होतो, बाकीचे गळतात. मात्र सारे अंदाज एकाच विमानामागे धावले, तर उरलेली नऊ निसटतात! म्हणून अंदाजांचे वेगवेगळे कळप राखावे लागतात. आज निरुपयोगी दिसणारे काही अंदाजही सांभाळावे लागतात. लक्ष्य वळले, की तेच उपयोगी पडतात.

शेतातही विषाणू बदलतो, माशी बदलते, पाऊस वेळा बदलतो. परभणी क्रांतीही पुढे अनेक ठिकाणी रोगाला बळी पडू लागली. तो पराभव नव्हे. पळत्या लक्ष्यामागची धाव अशीच असते. भीती निराळीच आहे. एक वाण चांगला निघाला, की गाडग्यात राखेत जपलेले जुने बियाणे आपण फेकून देतो. मग उद्याचा संकर कोणाशी करायचा?