यादीतला शेतकरी कोण?

वाकोल्यात माझ्यासोबत खोलीवर राहणारा मित्र बीडकडचा. गावी शेत बघते ती त्याची आई. पेरणी, खुरपणी, मजूर गाठणं, सगळं तिच्याकडे. पण पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा होतो आजोबांच्या खात्यात, कारण सातबारा त्यांच्या नावावर आहे. उद्या तुम्ही लाभार्थ्यांची यादी घेऊन संशोधनाला बसलात, तर त्या घरातला शेतकरी म्हणून तुम्हाला आजोबाच दिसतील. आई कुठेच दिसणार नाही.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. सरकार मदत देताना ‘शेतकरी’ कुणाला म्हणतं? उत्तर दरवेळी वेगळं आहे.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि आसपास पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्यात शेतकरी ठरला तो उपजीविकेवरून: ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर, तो शेतकरी. मात्र शेती नोकरांकडून किंवा कुळांकडून करवून घेणाराही त्यात बसत होता.

पुढे १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईला चौकट दिली. विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणं, बैल यांसाठी सरकारी कर्ज. ही मदत फुकट नव्हती. महसुलाच्या थकबाकीसारखी ती वसूल करता यायची. म्हणजे इथे पोट कशावर चालतं यापेक्षा परतफेडीची खात्री महत्त्वाची झाली.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत शेतकरी म्हणजे बँकेतलं किंवा सोसायटीतलं कर्जखातं. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावर एकरकमी फेडलं तर २५ टक्के सवलत. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसवाल्याकडे जमीन जास्त, पण पीक पावसाच्या भरवशावर. तो पूर्ण माफीतून सुटला. सावकाराचं कर्ज तर हिशेबातच नव्हतं. २०१३ मध्ये ‘कॅग’ने यादीबाहेरची ९,३३४ खाती तपासली, तर त्यातली १,२५७ पात्र असूनही वगळलेली निघाली.

आणि पीएम-किसान? इथे शेतकरी म्हणजे १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर जमिनीची नोंद आहे तो. सुरुवातीची दोन हेक्टरची अट त्याच वर्षी गेली, पण नोंदीची अट राहिली. बटईने कसणारा बाहेर, सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणारी सून बाहेर. २०२३ पासून राज्याची ‘नमो शेतकरी’ योजना आणखी सहा हजार देते, तेही पीएम-किसानच्याच लाभार्थ्यांना. एका यादीतली गाळलेली नावं दुसरीतही गळतात, ती अशी.

आता तुमच्या कामाचं. कुठलीही सरकारी यादी हातात आली की आकडे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. यादीचं एकक काय: माणूस, कुटुंब, की खातं? पात्रता कुठल्या कागदावरून ठरली? आणि तो कागद नसलेले लोक गावात कोण? तिसऱ्याचं उत्तर यादीत मिळत नाही, त्यासाठी गावात जावंच लागतं. ‘लाभार्थी वाढले’ म्हणजे ‘शेतकऱ्यांना मदत पोचली’ असं लिहिण्याची घाई करू नका. मीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. मित्राने वाचलं आणि एवढंच विचारलं, “मग आमची आई कोण?”

ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता एक अख्खं प्रकरण आहे.