शिगोशीग पायली

आमच्या जांबे गावात तलाठ्याला कुणी नावाने हाक मारत नसे; तो ‘भाऊसाहेब’. भाताची झोडणी उरकून तांदूळ सडून आला की आजी दोन तऱ्हेने मापायची. घरचा तांदूळ सपाट पायलीने, वरून हात फिरवून. भाऊसाहेबाचा आंबेमोहर मात्र शिगोशीग, आणि वर ओंजळभर आणखी. “सातबाऱ्यावर पोरांची नावं चढायचीत ना,” एवढंच म्हणायची. ह्याला लाच म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं.

आजोबांना ते खपत नसे. पिठलं-भाकरी खाता खाता ते क्रॉफर्डसाहेबाची गोष्ट काढत. ती त्यांच्या वडिलांकडून आलेली, त्यामुळे साहेबाच्या मिशा दर वेळी थोड्या वाढायच्या. पण मूळ गोष्ट खरी. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाचं, तोच हा आर्थर क्रॉफर्ड. १८८८ मध्ये तो पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर होता. बढती-बदलीसाठी मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याचा आळ त्याच्यावर आला. खरं सांगाल तर नोकरीला धक्का लागणार नाही, असं सरकारने मामलेदारांना वचन दिलं. बिचारे बोलले. साहेबाचा मध्यस्थ हणमंतराव तुरुंगात गेला. साहेबावर लाच शाबीत झालीच नाही. हाताखालच्यांकडून कर्जं काढल्याबद्दल तेवढी नोकरी गेली. मग विलायतेत पार्लमेंटात ओरड झाली आणि वचन बाजूला ठेवून काही मामलेदारांनाच घरी बसवलं. टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली होती.

“घेणारा सुटला, देणारा बुडाला. ऐकतेस का?” आजोबा विचारत. आजीने तोवर पोतं शिवायला घेतलेलं असे.

आता जांब्याच्या शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क झालं, गुंठ्यागुंठ्याला मोल आलं, सातबारा मोबाइलवर दिसतो. कायदाही बदलला. क्रॉफर्डच्या इंग्लंडात २०१०च्या कायद्याने लाच देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन देणंही सरळ गुन्हा ठरलं, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर सुटका. मला ही मुदत फार तोकडी वाटते. ज्याच्या हातात आपला फेरफार अडकलाय, त्याच्याविरुद्ध आठवड्यात उभं राहायला आजीसारखीने बळ कुठून आणावं?

तरी कुणी अडवलंच तर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. देऊन बसला असाल, तर आजच करा.