उपसा आणि झरा

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव नावाचं गाव आता नाही. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि तालुक्याला ज्याचं नाव आहे तेच गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, त्यामुळे सरकारी कागदांचं काही अडलं नाही. मी त्याच भागातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला की दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, आंबेगाव कुठंय?" मी खिडकीतून पाण्याकडे बोट दाखवायचे. नाव आहे, गाव नाही.

पुढे माझ्या बाबतीत उलटं झालं. आजार होता, पण त्याला नाव नव्हतं. असं पंधरा वर्षं चाललं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना २००६ चा पावसाळा आठवणार नाही. आमचं घर जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून थोडं आत. त्या पावसाळ्यात घराघरात माणसं कमरेत वाकून, भिंतीला धरून चालत होती. सकाळी उठल्यावर मूठ वळत नव्हती, चहाचा कप धरता येत नव्हता. चिकनगुन्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला होता, त्यामुळे आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नाव ऐकताच निकाल दिला, "चिकनचाच रोग हाय. कोंबडी बंद." दोन महिने घरात कोंबडी शिजली नाही. डास मात्र रांजणात सुखाने वाढत राहिले.

या नावाचा कोंबडीशी काही संबंध नाही. आफ्रिकेत आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात १९५२ मध्ये ही साथ आली. तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा' असा आहे. म्हणजे त्यांनी आजाराला तो जसा दिसला तसं नाव दिलं. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात आला, पुढे मद्रासला, १९६५ मध्ये नागपूरला आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. बार्शीत दर तीन माणसांमागे एकाहून जास्त जण आजारी पडले होते. त्यानंतर बत्तीस वर्षं तो देशातून जणू नाहीसा झाला. २००५ च्या शेवटी परतला आणि २००६ या एका वर्षात देशभर तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यात एक मी. वय सत्तेचाळीस.

ताप पाच दिवसांत गेला. सांधे सुटायला चार महिने लागले. थकवा गेला नाही.

थकवा हा शब्दही इथे तोकडा आहे. दिवसभर कांदे काढून माणूस दमतं, जेवतं, झोपतं आणि सकाळी ताजं होतं. माझी झोप मला ताजं करत नव्हती. आणि शिक्षा उशिरा यायची. रविवारी गोधड्या धुतल्या तर सोमवारी मी ठीक असायचे. मंगळवारी सकाळी मात्र कूस बदलायलाही जोर उरायचा नाही. घसा दुखायचा, उजेड डोळ्यांत टोचायचा, पातेल्याचा आवाज डोक्यात घुसायचा. फळ्यासमोर उभी असताना हातात खडू आणि 'जोडाक्षर' हा शब्दच आठवत नाही, असं एकदा झालं. मुलं हसली. मीही हसले आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन रडले.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं ठीक. आपल्याकडे अशक्तपणावर जे जे होतं ते ते झालं. सलाईनची बाटली, शक्तीचं लाल इंजेक्शन, काढे, पश्चिमेकडच्या रानातला हिरडा, एका गुरुवारचा अंगारा. एका डॉक्टरांनी सांगितलं, "मन रमवा, रोज चाला." मी आज्ञाधारक. रोज पाच वाजता उठून चालले. तीन आठवड्यांनी अंथरुणाला खिळले ते दोन महिने. २०१० मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं. त्यापेक्षा नेमका शब्द माझ्यापाशी नव्हता.

शब्द होता, खरं तर. तो घोडेगावपर्यंत पोहोचला नव्हता, इतकंच.

१९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. २९२ कर्मचारी आजारी पडले, त्यातल्या २५५ जणांना दाखल करावं लागलं. आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी मात्र फक्त बारा जणांना लागण झाली. रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. ताप, स्नायूंची दुर्बलता, डोकं दुखणं आणि मग न संपणारी थकावट. डॉक्टरांनी त्याला 'मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस' असं जीभ अडखळवणारं नाव दिलं. काही जण बरे झाले, काही वर्षानुवर्षं झाले नाहीत.

पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद उघडले आणि लिहिलं की हा सामूहिक उन्माद असावा. त्यांच्या कारणांपैकी एक असं, की आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या. त्या बायकांपैकी एकीलाही ते भेटले नव्हते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाईल उशीवर उलटा ठेवला आणि बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिले.

१९८४ मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या ताहो सरोवराकाठच्या एका छोट्या गावात पुन्हा तसंच झालं. सरकारी तपासनीस आले, आणि १९८८ मध्ये आजाराचं नवं बारसं झालं, 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम'. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण ज्या नावात नुसता थकवाच आहे त्या आजाराकडे कोण गंभीरपणे पाहणार? वर्तमानपत्रांनी त्याला 'यप्पी फ्लू' म्हटलं, म्हणजे पगारदार तरुणांचे लाड.

लाडांचा आजार म्हणणाऱ्यांना गोव्याकडे पाहायला हवं होतं. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांशी बोलून केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या बारा जणी सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या. दीर्घ थकवा असणं आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या अभ्यासात जे दिसलं ते विसरण्यासारखं नाही. थकवा जास्त होता तो गरीब, कमी शिकलेल्या, कर्जात असलेल्या, घरात मार्ग न सापडणाऱ्या बायकांमध्ये. आणि ज्याला आपण पहिल्यांदा दोष देतो त्या हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध सापडला नाही.

माझ्या आजाराच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास नेमका २००६ च्याच सप्टेंबरमध्ये छापून आला, मी अंथरुणावर असताना. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या शेतीवाडीच्या गावाभोवती तीन वेगवेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ जणांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. त्यातला एक संसर्ग रॉस रिव्हर विषाणूचा होता. तोही डासांतून पसरणारा, चिकनगुन्याचा चुलतभाऊच. सहा महिन्यांनी २८ जण क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या व्याख्येत बसत होते. त्यांच्यात सारखं काय होतं? वय नाही, जंतू कोणता हे नाही, माणूस आधीपासून मनाने हळवा होता का हेही नाही. सुरुवातीचं आजारपण ज्यांना जितकं जोरात झालं, तितका त्यांना धोका जास्त. म्हणजे आत्याबाई ज्याला 'मनाचं खूळ' म्हणायच्या त्याचं उत्तर त्याच पावसाळ्यात छापलं गेलं होतं.

आता मला एक कबुली द्यायची आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टायफॉइड झाला. ताप उतरला, पण त्या उठल्या नाहीत. उठायच्या, दोन दिवस सगळं घर झाडून काढायच्या आणि मग आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी तेव्हा तरुण, नोकरी करणारी, पहाटे डबे करून एसटी पकडणारी. मी माझ्या बहिणीला म्हणाले होते, "जेवायला बरी उठतात बाई. काम निघालं की पडतात." हे त्यांनी ऐकलं, हे मला माहीत होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. २००४ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी मी आजारी पडले, आणि तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, स्वयंपाकघरातून माझ्या कानावर आलं.

त्यांना हाच आजार होता असं मी म्हणणार नाही. तपासणारं कुणी नव्हतं. पण त्या सोंग करत नव्हत्या, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. लंडनच्या त्या दोन डॉक्टरांवर मी रागावते तेव्हा मला हेही आठवतं की माझ्याकडे तर जुन्या कागदांचीही सबब नव्हती. जाऊबाई भिंतीपलीकडेच होत्या. मीही त्यांना विचारलं नव्हतं.

माझं वळण २०२१ मध्ये आलं. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची कोविडमधून उठली आणि तिचं माझ्यासारखं झालं. फरक एवढाच की तिच्या आजाराला नाव होतं, 'लाँग कोविड'. घरातले तिला म्हणत होते, "पडून राहा गं, कोविडनंतर होतं असं." ती मला फोनवर म्हणाली, "मावशी, तुझं तर हेच आहे ना, कधीपासून?" तिनेच मला पुण्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाऊण तास ऐकलं. दुसरे आजार पुन्हा एकदा तपासून बाजूला काढले आणि नाव सांगितलं. मग म्हणाले, "यावर गोळी नाही. पण तुम्ही आजवर जे करत आलात ते आधी थांबवा."

मी करत होते ते म्हणजे बरं वाटलं की धावणं. हीच चूक मोठमोठ्यांनीही केली होती. 'हळूहळू व्यायाम वाढवत न्या' हा उपचार अनेक वर्षं शास्त्रशुद्ध मानला गेला. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने त्याला दुजोरा दिला, मग रुग्णांनी आणि संशोधकांनी त्या चाचणीची आकडेवारी उकलून तिच्यावर आक्षेप घेतले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने स्पष्ट लिहिलं की हा शरीराचा गंभीर आजार आहे आणि श्रमानंतर तब्येत ढासळणं ही त्याची मुख्य खूण आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतून तो चढत्या व्यायामाचा सल्ला काढून टाकला गेला. म्हणजे पहाटे पाचला चालत मी स्वतःला आणखी खड्ड्यात ढकलत होते.

डॉक्टरांचं म्हणणं मला विहिरीमुळे कळलं. आमच्या विहिरीला एप्रिलनंतर बेताचा झरा असतो. मोटर चाळीस मिनिटं चालते, मग पाणी तळाला जातं. तेव्हा शहाणा माणूस मोटर बंद करतो आणि विहीर भरायची वाट पाहतो. पाणी दिसतंय म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहिलं तर मोटर जळते आणि दुरुस्तीत पुढची पाळीही जाते. उपसा झऱ्यापेक्षा कमी ठेवायचा, एवढंच सूत्र. शेतकऱ्याच्या घरात वाढून मी ते विहिरीला लावत होते, स्वतःला नाही.

मग मी वही घातली. भाजी निवडणं पंधरा मिनिटं, मग आडवं होणं, दमायच्या आधीच. आंघोळ स्टुलावर बसून. पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशीचं काम रद्द. फोनवर बोलणंही कामात धरायचं, कारण डोकंही त्याच विहिरीतलं पाणी ओढतं. पहिले आठ महिने काहीही सुधारलं नाही, फक्त पडायचे दिवस कमी झाले. दुसऱ्या वर्षी दुपारची झोप लागली आणि उठल्यावर झोपल्यासारखं वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या वर्षी मी बाजारात जाऊन स्वतः भाजी आणली. आता आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास, वस्तीवरची पाच मुलं माझ्याकडे वाचायला येतात. मी खुर्चीत, ती सतरंजीवर.

याला मी बरं होणं म्हणते, पण तुम्ही हिशेब नीट समजून घ्या. प्रौढ रुग्णांच्या जुन्या अभ्यासांचा २००५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा पूर्ण बरे होणारे शंभरात पाचच्या आसपास निघाले, काहीशी सुधारणा होणारे चाळीसच्या. माझी गोष्ट त्या चाळिसातली. तिच्यात माझी जिद्द फार नाही. जिद्दीनेच तर मला पाडलं होतं. मला पेन्शन होती, घरचं छप्पर होतं, आणि वही दाखवल्यावर आमच्या यांनी पोळ्या करायला शिकून घेतलं. बासष्टाव्या वर्षी कुणीतरी विश्वास ठेवला आणि त्यामुळे थांबायची परवानगी मिळाली. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ती कोण देणार, याचं उत्तर माझ्या वहीत नाही.

तुमच्या घरात, हॉस्टेलवर, ऑफिसात असं कुणी असेल तर त्याला धीर देण्याआधी एक प्रश्न विचारा, "काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटतं?" हा प्रश्न मला कुणी विचारायला पंधरा वर्षं लागली. मी जाऊबाईंना तो सोळा वर्षं विचारला नाही, आणि आता विचारता येत नाही.

हा लेख लिहायला मला सव्वीस दिवस लागले. रोज वीस मिनिटं, मग आडवं होणं. आज शेवटचा परिच्छेद राहिला होता, आणि अजून चार मिनिटं शिल्लक आहेत. ती मी वापरणार नाही.