माळ्याच्या पोराची फी

चऱ्होलीतली जुनी माणसं गावाचा इतिहास सनावळीनं सांगत नाहीत, नोकऱ्यांवरून सांगतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कोणाचे वडील पहिल्यांदा लागले, दापोडीच्या सीएमईत सुतारकाम कोणाला मिळालं, टेल्कोची भरती निघाली तेव्हा कोण कोण डबलसीट सायकलवर गेलं, अशा खुणांवर त्यांचं गाव उभं आहे. आमच्या घराची खूण गणेशखिंडीची. माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पुणे विद्यापीठात माळी होते.

इंद्रायणीकाठी जमीन होती, पण भावकीत वाटून उरली ती घराला पुरणारी नव्हती. “पाऊस आपला नाय, पगार आपला,” असं आण्णा म्हणत. सोमवारी पहाटे सायकल काढायची आणि दिघी, विश्रांतवाडी, होळकर पूल, खडकी असं करत गणेशखिंड गाठायची. आठवडाभर एका नातलगाच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी घरी परतायचं.

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळ्यातला बंगला आणि त्याभोवतीचं चारशे एकरांहून मोठं आवार विद्यापीठाला मिळालं. आण्णांच्या पिढीच्या तोंडी मात्र तो शेवटपर्यंत लाटसायबाचा बंगलाच राहिला. याच बंगल्यात २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली आणि तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चिंचवडच्या चापेकरांनी गोळी झाडली, ही गोष्ट आण्णा इतक्या तपशिलानं सांगत की जणू त्या रात्री ते झाडामागे उभे होते.

पण त्यांची खरी गोष्ट वेगळी होती. हिरवळीवर पाणी मारताना पुस्तकं घेऊन जाणारी पोरं दिसत. त्यांच्या मनात येई, आपण इथली झाडं वाढवतो, आपलं पोरगं इथवर कधी येईल? घरी ते हे बोलले नाहीत. त्यांनी हे सांगितलं ते थोरले काका बी.ए. झाल्यावर.

काका शिकले ते ई.बी.सी.च्या सवलतीवर. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफ करणारी ही योजना. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते त्या काळात वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत असेल तर जात न पाहता फीमाफी मिळू लागली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्या-कामकऱ्यांची एक सबंध पिढी या तीन अक्षरांवर कॉलेजात गेली. १,२०० म्हणजे महिना शंभर. आण्णांचा पगार शंभराच्या थोडा अलीकडे होता. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यात शेतीचे चार पैसे मिळवायचे आणि आकडा शंभराच्या आत राहील ना याची धाकधूक बाळगायची. काका सांगत, “महागाई भत्ता वाढला की सगळी माळी मंडळी खुश व्हायची. आपले आण्णा तेवढे गप्प.” बापाच्या पगारात पाच रुपये वाढले तर मुलाची फी बसणार, अशी ती रेघ होती. मर्यादा पुढे वाढत गेली, पण त्या वर्षांची धास्ती काकांच्या बोलण्यातून कधी गेली नाही.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कॉलेजची एक पावती अजून आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. शिकवणी फीच्या रकान्यात आडवी रेघ, तिच्यावर लाल शाईत ‘ई.बी.सी.’. खाली जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र, परीक्षा यांचे किरकोळ आकडे, ते मात्र भरावे लागले. ते पैसे आजीनं कोथिंबीर-मेथीच्या जुड्या आळंदीच्या बाजारात विकून उभे केले. म्हणून काका ती पावती दाखवताना बोट रेघेवर ठेवत नाहीत, खालच्या आकड्यांवर ठेवतात.

या गोष्टीतली एक बारीक बाब मला फार उशिरा उमगली. आण्णांच्या मुलाला सवलत मिळाली ती आण्णा गरीब म्हणून. ते विद्यापीठाचे माळी होते याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. ज्या संस्थेच्या आवारात त्यांची हयात गेली, तिच्याशी असलेलं नातं त्यांच्या पोराच्या शिक्षणात कुठंच मोजलं गेलं नाही.

मोजलं गेलं ते पुढच्या पिढीत. काका डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले आणि त्यांची मुलगी, आमची ताई, कॉलेजात गेली तेव्हा प्राथमिक शिक्षकांच्या पाल्यांसाठी असलेल्या सरकारी सवलतीत तिची फी माफ झाली. त्या सवलतीमागचा विचार साधा आणि मोठा आहे. जो माणूस दुसऱ्यांची मुलं शिकवतो, त्याचं स्वतःचं मूल फीअभावी अडू नये. ताईनं अर्जासोबत मुख्याध्यापकांचा दाखला जोडला. त्यात उत्पन्नाचा आकडा नव्हता, वडिलांची नोकरी होती. काका म्हणाले, “आण्णांच्या वेळी आपण गरिबी सिद्ध करायचो. आता मी माझं काम सिद्ध केलं.” मदत आणि हक्क यांतला फरक यापेक्षा नेमका सांगितलेला मी ऐकला नाही.

त्यानंतर काळ बदलला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गावोगाव कॉलेजं उभी राहिली, परराज्यांत देणगी भरून जाणारी मुलं इथंच शिकू लागली, पण फीचा बोजा सरकारकडून घरावर आला. १९९७ मध्ये चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. उसाच्या नि कांद्याच्या रानांत प्लॉटच्या खुणा पडल्या. वाघेश्वराच्या टेकडीवरून पाहिलं तर आज चोविसावाडी, वडमुखवाडीपर्यंत इमारतीच इमारती दिसतात. गावाच्या लोहगावकडच्या अंगाला डी. वाय. पाटील नॉलेज सिटी उभी राहिली आणि त्यात अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठ. पलीकडे आळंदीत एमआयटीचं अभियांत्रिकी महाविद्यालय. आण्णा ज्यासाठी सोमवारी पहाटे सायकल काढत, ते विद्यापीठ गावच्या शिवेत आलं.

नोकऱ्याही आल्या, पण त्यांची जात बदलली होती. आजचा माळी, सफाईवाली मावशी, गेटवरचा वॉचमन, मेसमधला आचारी हे बहुतेक ठिकाणी संस्थेचे नसतात. ते एजन्सीचे असतात. आमच्या नात्यातला एकजण पुण्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका शिक्षणसंस्थेत बरीच वर्षं रात्रपाळीला गेटवर आहे. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा त्यानं ऑफिसात विचारलं. उत्तर मिळालं, स्टाफच्या मुलांना सवलत आहे, पण तुम्ही आमचे स्टाफ नाही. एजन्सीनं सांगितलं, आमचं कॉलेज नाही. दोन्ही वाक्यं खरी होती आणि दोहोंच्या मध्ये मुलगी राहिली.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मुलींना मोठा दिलासा दिला. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. पण त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. म्हणजे अशा विद्यापीठाच्या गेटवर उभ्या असलेल्या बापाच्या लेकीला ही माफी त्या गेटाबाहेर मिळते, आत मिळत नाही. आत जे काही मिळेल ते संस्था देईल तेच.

म्हणून संस्थेनं द्यावं, हा माझा आग्रह आहे, आणि तो दयेपोटी नाही. प्राप्तिकराचे नियमसुद्धा मालकाच्या संस्थेत कर्मचाऱ्याच्या मुलाला मिळालेलं फुकट किंवा सवलतीचं शिक्षण हे पगारासोबत मिळालेला लाभ मानून मोजतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारा बालशिक्षण भत्ता बारावीला थांबतो, म्हणजे खर्चाचा डोंगर सुरू होतो तिथंच. ती पोकळी भरण्याची ताकद ज्याच्याकडे वर्गखोल्या आणि प्राध्यापक आहेत त्याच्याकडेच आहे. अमेरिकेत हे जुनं आहे. तिथं अनेक विद्यापीठांत कर्मचाऱ्याच्या मुलाची फी पूर्ण किंवा बरीचशी माफ होते, आणि ‘द ट्यूशन एक्स्चेंज’ ही १९५४ पासूनची साखळी एका कॉलेजातल्या कर्मचाऱ्याच्या मुलाला दुसऱ्या सदस्य कॉलेजात शिकण्याची वाट देते.

कोणी म्हणेल, यानं दुसऱ्या हुशार मुलाची जागा जाईल. प्रवेशातला कोटा आणि फीतली सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्ली विद्यापीठात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वॉर्ड कोटा आहे, त्यावर वाद होऊ शकतो. पण मुलानं आपल्या गुणांवर प्रवेश मिळवल्यावर फी माफ केली तर कोणाचीच जागा जात नाही. साठच्या वर्गात एक बाक वाढल्यानं प्राध्यापकाचा पगार वाढत नाही, विजेचं बिल फुगत नाही. एआयसीटीईची शिक्षण शुल्क माफी योजना याच हिशेबावर चालते. मंजूर संख्येवर ५ टक्के जास्तीच्या जागा, म्हणजे साठामागे तीन, आणि त्या मुलांना शिकवणी फी माफ. देशभरातली तंत्रशिक्षण महाविद्यालयं हे करतात आणि बुडत नाहीत.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडलं होतं की सरकारची तिजोरी रयतेच्या कष्टावर भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांच्या पदरात पडतो. २०१४ पासून पुणे विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावानं ओळखलं जातं. कष्ट करणाऱ्याच्या लेकराला ज्ञानाचा वाटा, ही त्या दांपत्याची मागणी. ती पुरी करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळाचा एक ठराव पुरतो.

त्या ठरावात काय असावं तेही साधं आहे. सवलत लेखी असावी आणि सूचना फलकावर लावलेली असावी, म्हणजे कोणाला साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागणार नाही. प्राध्यापकाला जी टक्केवारी, तीच झाडूवाल्या मावशीला. एजन्सी बदलली तरी त्याच आवारात ठरावीक वर्षं राबलेल्या माणसाला संस्थेचा माणूस मानावं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठेकेदारानं पिण्याचं पाणी, विश्रांतीची खोली दिली नाही तर ती मूळ मालकानं द्यावी असं सांगितलं होतं. शिक्षणसंस्थेत त्या यादीत शिक्षण असायला हरकत काय? आणि कमावता माणूस मध्येच गेला तर त्याच्या मुलाची पदवी अर्धवट राहू नये.

आपल्या परिसरात विद्यापीठं वाढताहेत, आणखी वाढतील. त्यांच्यासाठी जमिनी दिलेल्या, त्यांच्या भिंती बांधलेल्या, त्यांची आवारं झाडणाऱ्या घरांतली मुलं आज दहावी-बारावीत आहेत. संस्थाचालकांनी पुढच्या जूनच्या प्रवेशांआधी हा नियम लिहावा. आणि तिथं काम करणाऱ्या आई-बापांनो, तुम्ही तो लेखी मागा. मागताना गरिबीचा दाखला पुढे करू नका, तुमच्या कामाचा करा.