सात दिवसांचं पाणी : लिबियाच्या वाळवंटातील मोटारप्रवासाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता सुट्टीतला वाटेल. गाडी घ्यायची, चार मित्र जमवायचे आणि आठवडाभर वाळवंटात भटकून यायचं. त्याची तयारी कशी करायची? पण हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे आणि त्याची उत्तरं वाळूत आजही सापडतात. आपण आज एकाच प्रदेशाकडे बघणार आहोत. ईजिप्तच्या पश्चिमेला, लिबियाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं हे वाळवंट. इंग्रज त्याला लिबियाचं वाळवंट म्हणत. इथे एका मरूद्यानापासून दुसऱ्यापर्यंत कित्येकदा शेकडो किलोमीटर पाण्याचा थेंब नाही. त्यामुळे तयारीत जरा चूक झाली, तर ती लपत नाही.

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करू. ईजिप्तमधल्या दाखला मरूद्यानाच्या नैर्ऋत्येला, खूप आत, एक छोटी टेकडी आहे. तिचं नाव अबू बल्लास. अरबीत याचा अर्थ मडक्यांचा बाप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नकाशे करणारे लोक तिथे पोचले, तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी मोठमोठी मडकी पडलेली होती. आजूबाजूला ना गाव, ना विहीर. मग ही मडकी कशाला? पुढे जर्मन संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा असे मडक्यांचे थांबे ओळीनं सापडत गेले. दाखल्यापासून गिल्फ कबीरच्या पठाराकडे जाणारी सुमारे ४०० किलोमीटरची वाट होती ती, आणि तिची सुरुवात चार हजार वर्षांपूर्वीची.

तेव्हा तिथे उंट नव्हता, होतं गाढव. आता गाढवाची अडचण बघा. त्याला दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं. सगळ्या वाटेचं पाणी त्याच्याच पाठीवर लादलं, तर ते पाणी गाढवच पिऊन टाकणार! म्हणून त्या लोकांनी काय केलं, तर आधी फेऱ्या मारून ठरावीक अंतरावर मडकी भरून ठेवली. खरा प्रवास नंतर. म्हणजे प्रवासाचा मोठा भाग प्रवास सुरू होण्याआधीच झालेला असे.

आता एकदम १८७४ सालात येऊ. गेऱ्हार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन दाखल्याहून पश्चिमेला निघाला. त्याला कुफ्रा गाठायचं होतं. त्यानं पाण्यासाठी लोखंडी टाक्या करून घेतल्या होत्या, कारण कातडी पखालींतून पाणी झिरपतं आणि उडून जातं. तयारी चांगली होती. पण समोर वाळूच्या उंच रांगा आडव्या आल्या. त्या रांगा उत्तर-दक्षिण जातात आणि याला जायचं पश्चिमेला. एक ओलांडली की दुसरी, दुसरी ओलांडली की तिसरी. शेवटी त्यानं कुफ्राचा नाद सोडला, रांगांच्या मधल्या पट्ट्यांतून उत्तरेला वळला आणि सीवा गाठलं. ‘इथून मागे फिरलं पाहिजे’ हे कळणं हाही तयारीचाच भाग असतो, मंडळी. वाटेत त्याला दुर्मीळ असा पाऊस लागला. त्या जागेचं नाव त्यानं ‘रेगेनफेल्ड’, म्हणजे पावसाचं शेत, असं ठेवलं.

मग आली मोटार. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या घेऊन या वाळवंटाच्या कडेनं फिरल्या. पण वाळूच्या समुद्रात गाडी घालता येत नाही, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ती मोडली राल्फ बॅगनॉल्डनं. हा इंग्रज लष्करातला इंजिनिअर. १९२६ मध्ये त्याची ईजिप्तला बदली झाली. रजा मिळाली की मित्रांबरोबर, स्वतःचा पैसा घालून, तो फोर्ड गाड्यांतून वाळवंटात शिरायचा. पुढे तो नोकरीनिमित्त हिंदुस्थानातही होता, पण त्याचं लक्ष त्या वाळूतच होतं. १९३० मध्ये त्याच्या गाड्यांनी वाळूच्या समुद्रातल्या उंच टेकड्या चढून पार केल्या.

हे त्याला कसं जमलं? त्याच्याकडे कुठली खास गाडी नव्हती. बाजारात मिळणारी फोर्ड ‘मॉडेल ए’च होती. त्यानं एकेका अडचणीवर एकेक उपाय काढला, आणि बहुतेक उपाय स्वस्तातले.

पहिली अडचण, इंजिनचं पाणी. मऊ वाळूत इंजिन तापतं, रेडिएटर उकळतो आणि वाफ उडून जाते. म्हणजे माणसांचं पाणी गाडी पिणार. गाढवाचीच गोष्ट पुन्हा! यावर उपाय म्हणजे रेडिएटरची वाफ बाहेर न सोडता नळीनं एका डब्यात न्यायची. डब्यात थोडं पाणी असतं, त्यात वाफेचं पाणी होतं. मग गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन निवलं की रेडिएटर ते पाणी आपोआप परत ओढून घेतो. युद्धातल्या त्या तुकड्यांनीही ही युक्ती वापरली होती, बॅगनॉल्डनं ती नीट बसवली.

दुसरी अडचण, दिशा. साधं होकायंत्र गाडीतल्या लोखंडामुळे चुकीचं दाखवतं. दर वेळी उतरून लांब जाऊन बघायचं म्हटलं तर दिवस त्यातच जाईल. त्यानं सुधारून घेतलेल्या सूर्य-होकायंत्रात अंशांच्या खुणा असलेली एक तबकडी आणि मध्ये उभी सुई. सुईची सावली ठरलेल्या खुणेवर ठेवत गाडी हाकायची. सूर्य सरकतो, म्हणून वेळेप्रमाणे तबकडी फिरवायची. उन्हाळ्यात भर दुपारी सावली पायाशी येते, तेव्हा यंत्राचा उपयोग नाही, मग मुकाट्यानं विश्रांती. रात्री ताऱ्यांवरून जागा पक्की करायची.

तिसरी अडचण, रुतणं. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी केलेल्या पोलादी पट्ट्या त्याला कैरोच्या भंगारात मिळाल्या. चाक रुतलं की त्या चाकाखाली सारायच्या. आणि टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. आजही वाळूत गाडी चालवणारे हेच करतात. शिवाय वाळू वाचायला शिकायचं. वाऱ्याच्या बाजूची वाळू बहुधा दाबून घट्ट झालेली असते, आडोशाची मात्र भुसभुशीत. या निरीक्षणांतूनच पुढे १९४१ मध्ये वाऱ्यानं वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवरचं त्याचं पुस्तक आलं. मंगळावरच्या वाळूच्या एका पट्ट्याला आज बॅगनॉल्डचं नाव आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, याच अनुभवातून ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे पथक उभं राहिलं. त्यांचा पाण्याचा शिधा माणशी रोज सहा पाइंट, म्हणजे सुमारे ३.४ लिटर. आपण साधा हिशेब करू. सहा माणसं, सात दिवस. सुमारे १४३ लिटर. वजन तेवढेच किलो. आणि हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर!

ठरल्याप्रमाणे नाही झालं तर? माझ्या मते हा आजच्या विषयाचा गाभा आहे. उंटांचा तांडा दिवसात साधारण ४० किलोमीटर जातो. उंट मेला तरी माणूस कालच्या मुक्कामापासून एका दिवसाच्या अंतरावर असतो. मोटार दिवसात २०० किलोमीटर सहज जाते. ती बंद पडली आणि माणूस रोज ३० किलोमीटर चालला, तर परतायला जवळपास सात दिवस. त्याच शिध्यानं सात दिवसांचं पाणी झालं २४ किलो, आणि तेही स्वतःच्या खांद्यावर. म्हणजे वेगानं अंतर कमी झालं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गाडी बंद पडते त्या क्षणी ते सगळं अंतर एकदम परत येतं.

याची दोन उदाहरणं देतो. १९४१ च्या जानेवारीअखेर या पथकावर इटालियन सैन्यानं हल्ला केला. मागे राहिलेल्या चौघांकडे पाण्याचा एकच डबा होता, त्यात नऊ लिटरसुद्धा पाणी नव्हतं. पण आपल्याच गाड्यांच्या चाकोऱ्या वाळूत उमटलेल्या होत्या. ते त्या चाकोऱ्या धरून दक्षिणेला चालत राहिले. रोनाल्ड मूर हा न्यूझीलंडचा सैनिक दहाव्या दिवशी सापडला, ३०० किलोमीटरहून जास्त चालल्यावर. एक साथीदार सुटका झाल्यावर दगावला, बाकीचे वाचले.

दुसरं उदाहरण १९४२ च्या मे महिन्यातलं. दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाची तीन ब्लेनहाइम विमानं कुफ्राहून उडाली, वाट चुकली आणि वाळवंटात उतरली. माणसं बारा. विमानं गाडीपेक्षा कितीतरी वेगवान, पण आपण नेमके कुठे आहोत हे कळेना, आणि सोबतचं पाणी काही दिवसांत संपलं. आठवड्याभरानं शोधपथक पोचलं तेव्हा एकच जण जिवंत होता.

मूरला स्वतःची नेमकी जागा माहीत होती असं नाही, पण मागे जाणारी वाट त्याच्या पायाखाली होती. या लोकांना तीही नव्हती.

आज आपल्यापैकी कितीतरी जण गाडीनं जैसलमेरला जातात. डांबरी रस्ता आहे, पेट्रोल पंप आहेत, हातात नकाशा दाखवणारा मोबाइल आहे. रस्त्यावर असेपर्यंत काळजी नाही, कारण तुमची मडकी कुणीतरी आधीच भरून ठेवलेली आहेत. रस्ता सोडून आत शिरणार असाल, तर मात्र जुना हिशेब कागदावर मांडा. माणशी पाणी किती, इंजिनसाठी वेगळं किती, सोबत दुसरी गाडी आहे का, आपण कुठे चाललोय आणि कधी परतणार हे मागे कुणाला सांगितलंय का, आणि कुठल्या ठिकाणाहून काहीही झालं तरी मागे फिरायचं. शेवटचा मुद्दा निघण्याआधीच ठरवा. वाळूत उभं राहिल्यावर, पुढची टेकडी दिसत असताना, तो ठरवणं फार अवघड जातं.

आता प्रश्न घेऊ या.